धाकटीच्या लॅपटॉपची रॅम

२१ नोव्हेंबर

आज फोनवर धाकटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी दोन शिव्या घालून तिला गप्प केलं असतं. ती नुसती म्हणाली, "दादा, मी चहा करून, पिऊन, कप विसळून येते, तोवर ते एक जिना उघडतं."

ते म्हणजे तिचा लॅपटॉप. जिना म्हणजे लॅपटॉपमध्ये काढलेला जिना. ती घरी बसून एका आर्किटेक्टबाईंसाठी इमारती काढते, आतून बाहेरून फिरवून बघता येतील अशा. अजून नोकरी नाही, परीक्षा चालू आहे. एक चार मजली इमारत पुरी काढून जानेवारीत द्यायची. पसंत पडली तर कायमची नोकरी, आणि तीही घरातून. पण लॅपटॉप म्हातारा. मीच मागच्या वर्षी कोणाचा तरी वापरलेला घेऊन पाठवला होता. जिन्याला कठडा लावला की त्याला धाप लागते.

"रॅम कमी आहे," ती म्हणाली. "आतली एक पट्टी वाढवली की पळेल. पण इथल्या दुकानात फक्त कंपनीचीच मिळते, फार महाग आहे. राहू दे. नोकरी लागली की पहिल्या पगारात घेईन."

"पगार यायला नोकरी पाहिजे, नोकरीला रॅम पाहिजे. डिप्लोमा करून हीच अक्कल आली का?"

"मग काय करू?"

"मी बघतो," मी म्हटलं. हे दोन शब्द माझ्या तोंडातून फार लवकर निघतात.

पण बघावं लागणारच. आज दुपारीच मुकादमबाईंनी मला ट्रॉलीसकट अडवलं. त्या आमच्या पाळीच्या मुख्य. म्हणाल्या, "तुला बहीण आहे ना रे? नवीन हॉस्पिटलचं काम येतंय, बायका लागणार आहेत. नाव देऊन ठेव." मी ट्रॉली पुढे ढकलली. ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला नाही. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी ट्रकने येतात. हॉस्पिटलचे गठ्ठे सोडायचं काम बायकांकडे. त्यात काय काय निघतं ते मी घरी कधी सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात एकीच्या तळव्यात सुई गेली, ती अजून तपासण्या करत फिरते आहे.

आईला या जागेबद्दल कळता कामा नये.

२४ नोव्हेंबर

आईला कळलं. लंबूच्या आईकडून. लंबू म्हणजे माझ्या खोलीतला, आमच्याच बाजूचा, ड्रायरवर माझ्या शेजारी. त्याच्या पोटात घास टिकतो, गोष्ट टिकत नाही. आई म्हणाली, "दोघं एका ठिकाणी राहाल, मला घोर नाही." मी म्हटलं, धाकटीची नोकरी लागतेच आहे, तू थांब जरा. आई म्हणाली, "घरात बसून चित्रं काढायला कोण पैसे देतं?" बारा वर्षं आईने शिवणाच्या मशीनवर घरात बसूनच काढली, पण ते तिच्या लेखी काम, हे खेळ.

धाकटीने रॅमचा नंबर सांगितला तो मी हातावर लिहून घेतला. कामावर गेल्यावर तो धुऊन निघाला. लाँड्रीत काम करणाऱ्याने हातावर लिहावं, यावर लंबू दिवसभर हसला. परत फोन करून विचारला. आता पायजम्याच्या नाडीजवळ आतून लिहिला आहे.

थंडी कोरडी पडली आहे. हॉटेलची ती केसाळ फ्लीसची ब्लँकेटं ड्रायरमधून ओढली की चट् चट् ठिणग्या उडतात. लंबूला खेळच सापडला आहे. ब्लँकेट अंगाला घासतो आणि हळूच बोट नेऊन एखाद्याच्या कानाला लावतो. आज मुकादमबाईंच्या कानाला लावलं. बाई अशा किंचाळल्या की चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवाल्याने मशीन बंद केलं. लंबूचा अर्धा दिवस कापला.

२८ नोव्हेंबर

सुट्टी. जुन्या बाजारात मोबाईल-कॉम्प्युटरवाल्यांची गल्ली आहे तिथे गेलो. पहिल्या दुकानात चकचकीत काच, टाय लावलेला पोरगा. त्याने कंपनीची रॅम दाखवली आणि भाव सांगितला. मी म्हटलं, "मला पट्टी पाहिजे, दुकान नको." त्याला विनोद कळला नाही.

आत आत जात शेवटी एक बोळकांडी सापडली. दुकानदार चष्मेवाला, टेबलावर सगळ्या लॅपटॉपची आतडी काढून बसलेला. त्याच्या मनगटाला एक पट्टा, पट्ट्याला वायर, आणि वायर टेबलाला बांधलेली. आधी वाटलं कसला तरी आजार असेल. लंबू सोबत होता, तो कानात म्हणाला, "मालकाने बांधून ठेवलाय, पळून जाऊ नये म्हणून." मला इतकं हसू आलं की मी बाहेर जाऊन परत आत आलो.

चष्मेवाला बोलायला बरा. म्हणाला, "लॅपटॉपवाली कंपनी रॅम बनवत नाही. बनवणारे वेगळेच. कंपनी फक्त आपलं नाव चिकटवते आणि नावाचे पैसे घेते. ही त्याच दर्जाची, नाव दुसरं." मी नाडी सोडून नंबर दाखवला. त्याने मान फिरवून वाचला, मग पुन्हा एकदा विचारून खात्री केली. कंपनीच्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं.

रॅम म्हणजे बोटभर हिरवी पट्टी, काळ्या चौकोनी टिकल्या आणि खाली सोनेरी दातांची ओळ. हिच्यासाठी माझ्या बहिणीचं आयुष्य अडलंय. त्याने ती एका चंदेरी पिशवीत घातली आणि म्हणाला, "बसवेपर्यंत यातच राहू दे."

परत येताना मी फार खूश होतो. कितीतरी दिवसांनी वाटलं की इथे राहून मी घरासाठी काहीतरी खरं केलं. पैसे पाठवणं ते वेगळं. पैसे कोणीही पाठवतं.

२९ नोव्हेंबर

आज रॅम कुरियरने पाठवली.

ती चंदेरी पिशवी मला बघवत नव्हती. चिप्सची रिकामी पुडी असावी तशी, चुरगळलेली. एवढी नाजूक वस्तू आणि जाडी बघा तर कागदाएवढी. कुरियरवाले गोणी कशा फेकतात ते मी रोज बघतो. म्हणून कामावर घेऊन गेलो. फाटलेल्या फ्लीस ब्लँकेटचा एक स्वच्छ तुकडा नुकताच ड्रायरमधून निघाला होता, गरम गरम. आधी त्या तुकड्याने पट्टी नीट पुसली, दातांच्या फटीतली धूळसुद्धा. मग त्याच तुकड्यात तीन वेढे दिले आणि साबणवडीच्या डबीत बसवली. तान्हं मूल गुंडाळतात तशी. चंदेरी पिशवी कचऱ्यात.

लंबू म्हणाला, "बायकोला एवढं जपशील का?"

मी म्हटलं, "आधी मिळू दे."

६ डिसेंबर

पोचली. धाकटीने व्हिडिओवर मला समोर ठेवून लॅपटॉप उघडला. आईने टॉर्च धरला होता आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, "बंद पडला तर?" धाकटीने स्क्रू काढून बशीत ठेवले. पट्टी तिरकी घातली, दाबली, टक् झालं. मी इकडे बॉयलरच्या मागे उभा राहून टाळी वाजवली.

मग बटण दाबलं. पडदा काळा. आतून तीन वेळा पीं पीं पीं. परत बसवली. परत पीं. ती काढून जुन्या पट्टीवर लॅपटॉप चालतो, ही घातली की पीं.

"दादा," धाकटीने विचारलं, "ही कशात होती रे? पिशवी नव्हती का?"

"होती की. पण अगदी फालतू. मी काढून टाकली, पुसून, ब्लँकेटमध्ये घालून पाठवली. बघ ना किती ऊबदार आली."

तिचं चित्र हलेना. मला वाटलं फोन अडकला. "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे मी," ती म्हणाली. "काही नाही. कधी कधी खराब निघतात."

मागून आई म्हणाली, "स्वस्तातलं घेतलंस ना?"

हे मात्र लागलं.

१२ डिसेंबर

परत मागवलेली पट्टी काल हातात पडली. आज पाळी संपल्यावर तडक दुकानात. रस्ताभर मी भांडण पाठ करत होतो. आत शिरताच म्हटलं, "मेलेला माल विकता?"

चष्मेवाल्याने भांडण केलंच नाही, त्यामुळे माझी सगळी तयारी वाया गेली. त्याने पट्टी आपल्या मशीनवर लावून बघितली. पीं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, साबणाच्या डबीकडे बघितलं आणि ब्लँकेटच्या तुकड्याला नख लावलं.

"हे काय आहे?"

"फ्लीस. एक नंबर क्वालिटी."

"तू कामाला कुठे आहेस?"

सांगितलं. ड्रायरवर म्हटल्यावर त्याने चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाला, "अरे बाबा, तुझ्या अंगात चार्ज साठतो. असल्या कपड्यातून येतो. बोट लावलंस की पट्टीत उतरतो आणि ती मरते. हा पट्टा मी कशाला बांधलाय?"

"चार्ज साठायला मी काय मोबाईल आहे?"

"चट् करून बसतं ना तुम्हाला तिथे?"

"रोज बसतं. दिवसातून पन्नास वेळा बसतं. मी मेलो का? एवढा जिवंत माणूस त्याने मरत नाही, आणि तुमची पट्टी मरते? मग ती पट्टी कसली?"

त्याने नुसती मान हलवली. तरी दुसरी पट्टी दिली, वर पैसे मागितले नाहीत. खोट त्याच्यात नसती तर फुकट दिली असती का? दिली तेव्हाच मी समजलो. या वेळी पिशवीला दोन बाजूंनी टेप मारली आणि बोट नाचवत म्हणाला, "ही तुझी बहीणच उघडेल. तू नाही. शपथ घे."

मी घेतली. मोकळं व्हायचं होतं.

१३ डिसेंबर

लंबू आज रजेवर घरी निघाला, त्याच्याकडे पट्टी दिली. तो धाकटीच्या हातातच देईल.

पण देण्याआधी एक गोष्ट केली. रात्रभर मनात घोळत होतं. उघडू नको, उघडू नको असं का म्हणत होता तो? उघडलं तर मला काय दिसेल याची त्याला भीती? कदाचित जुनीच पट्टी परत घातली असेल. एकदा फसलो तो त्याचा गुन्हा, दोनदा फसलो तर माझा. म्हणून सकाळी पहिल्या खेपेची ब्लँकेटं काढून झाल्यावर घडीच्या टेबलावर हळूच टेप सोडवली. उघडून बघितली, नंबर ताडून बघितला. वेगळी होती. दात मोजल्यासारखं बोट फिरवलं, एकही तुटलेला नव्हता. लगेच परत आत घातली, तशीच टेप लावली. या वेळी पिशवी टाकली नाही, ब्लँकेट नाही, काही नाही.

बोट फिरवताना एकदा चट् झालं, पण अगदी बारीक. आता तर मला तो आवाज ऐकूही येत नाही.

१८ डिसेंबर

चालली!

चालली, चालली! पीं नाही, काळं नाही. धाकटीने मला तिची इमारत दाखवली. मी इथे उभा राहून तिच्या इमारतीच्या दारातून आत गेलो, जिना चढलो, वरच्या मजल्यावर गेलो, गच्चीत आलो. गच्चीवर तिने दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. "या कोणासाठी?" विचारलं तर म्हणाली, "एक आईला, एक तुला. मी काम करत असणार ना."

आई पडद्याजवळ तोंड आणून म्हणाली, "स्वयंपाकघर लहान काढलंय पोरीने."

मी मुकादमबाईंना जाऊन सांगितलं की माझ्या बहिणीचं नाव घालू नका, तिला नोकरी लागतेय. त्या म्हणाल्या, "मी कुठे घातलंय? तू दिलंसच कुठे?" तरी सांगून बरं वाटलं.

२३ डिसेंबर

फोन केला. "कशी पळतेय?" "पळतेय दादा." आवाज जरा दमलेला. काम खूप असेल.

लंबू परतला. सोबत आईने पाठवलेला स्वेटर. बाह्या आखूड झाल्या आहेत. तिच्या डोक्यात मी अजून गेलो तेवढाच आहे.

२ जानेवारी

आज लंबूने मला सांगितलं की त्याने पट्टी दिली तेव्हा धाकटीने पिशवी उलटीपालटी करून टेपकडे बघितलं आणि विचारलं, "दादाने उघडली होती का?" या गाढवाने सांगून टाकलं, हो, एकदाच उघडली. मी म्हटलं, तुला सांगायची काय गरज होती? तो म्हणाला, "तिने विचारलं."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. पाणी दिलं मला. आणि म्हणाली, आता आलीय तर लावून बघू."

मग संध्याकाळी फोनवर धाकटीने एक गोष्ट सांगितली, अगदी सहज सांगावी तशी. पडदा कधी कधी एकदम निळा होतो. मधेच. मग परत चालू करावा लागतो. रोज नाही.

"मग?"

"मी म्हणत होते, ही पट्टी काढून ठेवते आणि जुन्यावरच करते. हळू होईल, पण होईल."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "एवढं सगळं केलं ते काढून ठेवायला? नवीन आहे, जरा रुळू दे तिला. नवीन बूट चावत नाही का? चार दिवसांनी पायाला बसतो. आणि काढून हळू हळू करत बसलीस तर मुदतीत होणार आहे का?"

"तसं नाही होणार," ती म्हणाली.

"झालं तर मग."

"बरं दादा. राहू दे आत."

असं मी समजावून सांगितलं. बाजारातलं दहा माणसांत फिरणाऱ्याला कळतं, ते घरात बसणाऱ्याला कळत नाही.

१० जानेवारी

गेलं.

काय गेलं ते आधी मला कळेना, कारण आई फोनवर होती आणि ती म्हणत होती, "घर पडलं." मी विचारलं, "तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?" मग धाकटीने फोन घेतला. आमचं घर नाही. तिची इमारत. शेवटचे रंग भरत होती, सेव्ह करताना पडदा निळा झाला. परत चालू केलं तर फाईल उघडेना. उघडली तर नुसत्या रेघोट्या, कुत्र्याने दोऱ्याचं रीळ पळवावं तशा. आदल्या दिवशीची प्रत होती, तीही तशीच. त्याच्या आदल्या दिवशीचीही. म्हणाली, बरेच दिवस आतून थोडं थोडं बिघडतच होतं, मला दिसलं नाही. एक चांगली प्रत आहे, पण ती फक्त पहिल्या मजल्यापर्यंतची.

"मुदत कधी?"

"सोमवार."

"मग कर ना परत! जाग. मी जागतो तुझ्याबरोबर फोनवर."

"दादा, तू जागून काय होणार?"

खरं आहे. मी इथे जागा राहिलो काय नि झोपलो काय.

तिने पट्टी काढून टाकली आहे.

१२ जानेवारी

दोन दिवस ती जुन्या रॅमवर करते आहे. आई सांगते, जेवायला उठत नाही. मी फोन केला की म्हणते, "दादा, बोलता बोलता मी माउस हलवते आणि ते अडकतं. नंतर करते." म्हणून फोन करत नाही. ड्रायरमध्ये ब्लँकेटं गोल गोल फिरतात ती बघत बसतो. आज एक खेप जास्त तापली, पिवळी पडली. मुकादमबाई बोलल्या ते ऐकून घेतलं.

१५ जानेवारी

काल मुदत संपली. दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्यापर्यंत झालं होतं, तेवढंच पाठवलं तिने.

मला राहवेना. आईकडून आर्किटेक्टबाईंचा नंबर काढला, धाकटीला न सांगता. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. काय बोलायचं ते लंबूसमोर दोनदा बोलून बघितलं होतं. म्हटलं, "मॅडम, मी तिचा मोठा भाऊ. तिची काही चूक नाही हो. दुकानदाराने खोटा माल दिला, दोनदा दिला. तिला आणखी पंधरा दिवस द्या, मी स्वतः नवीन, कंपनीची रॅम पाठवतो."

बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कसली रॅम? तिने मला सांगितलं की ती वेळच्या वेळी सेव्ह करायला विसरली. तिच्याच हलगर्जीपणाने गेलं."

"नाही मॅडम, ती खोटं बोलतेय."

मग म्हणाल्या, "हे बघा, मला मुदतीत काम करणारी माणसं लागतात. आणि खरं बोलणारी." फोन ठेवला.

मी तसाच उभा. धाकटीने असं का सांगितलं असेल? सरळ दुकानदाराचं नाव घ्यायचं. त्याला काय फरक पडणार होता, तो इकडे आणि बाई तिकडे. आणि मी सोडवायला गेलो तर ती खोटारडी ठरली. शिकलेली आहे, पण व्यवहार शून्य. संध्याकाळी तिला विचारलंही. "माझं नाव सांगितलं असतंस तर? मी बोललो असतो."

"तेच नको होतं," ती म्हणाली. मग लगेच, "जाऊ दे दादा. तू जेवलास का?"

१९ जानेवारी

पुन्हा चष्मेवाल्याकडे गेलो होतो. या वेळी भांडायला नाही. कंपनीची किंवा कुठलीही, सगळ्यात चांगली घ्यायची, असं ठरवून. वाटलं, रॅम चांगली झाली की ती दुसऱ्या कोणाकडे काम बघेल. दुकानातूनच फोन लावला, "बोल, कुठली घेऊ?"

"नको दादा. लॅपटॉप विकला."

"विकला? कधी?"

"परवा. तुझ्याकडे येण्याच्या तिकिटाला आई पैसे कुठून आणणार?"

चष्मेवाला माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "दुसरी चालली का?" मी म्हटलं, "चालली." का म्हटलं कोण जाणे. त्याने माझ्यापुढे स्टूल सरकवलं. बसलो नाही.

२० जानेवारी

म्हणजे सगळं माझ्या मागे ठरलं. आईने मुकादमबाईंना थेट फोन केला, नंबर लंबूच्या आईकडून. मुकादमबाई आज मला म्हणाल्या, "तुझी आई किती गोड बोलते रे, तू असा का?"

मी आईवर ओरडलो. हॉस्पिटलचे गठ्ठे, सुया, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग तू आजवर काय सांगत होतास, टॉवेलांच्या घड्या घालतो म्हणून?" मी म्हटलं, घड्याच घालतो, मी. तिने धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणाली, "मी ऐकलं आई. मी हातमोजे घालीन."

मी फोन ठेवला.

५ फेब्रुवारी

आली. स्टँडवर आणायला गेलो तर मला शोधत भलत्याच बाजूला बघत होती. बारीक झाली आहे. मला म्हणाली, "तू किती काळा पडलास." मी म्हटलं, "उन्हात कुठे जातो मी?" दोघं हसलो. बायकांच्या खोलीत तिची जागा लावून दिली. खिडकीजवळची मिळाली, ती मी भांडून मिळवली.

सकाळी मुकादमबाईंच्या टेबलापुढे उभं केलं. मी मागे. बाई पेन उघडून म्हणाल्या, "शिक्षण? आधीच सांगते, शिकलेल्या पोरी मला नकोत. दोन महिन्यांत दुसरीकडे पळतात आणि मी परत पहिल्यापासून शिकवत बसते."

धाकटीने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. "सातवी," ती म्हणाली.

"भावासारखीच की."

"हो."

मी तोंड उघडलं. डिप्लोमा, पहिला वर्ग, चार मजली इमारत, सगळं जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर तिला परत पाठवली असती. पण परत कशावर पाठवणार, लॅपटॉप विकलेला, आणि आई वाट बघत बसलेली की आता दोघांचे पैसे येतील. तोंड मिटलं. मुकादमबाईंनी लिहून घेतलं आणि टोपी, हातमोजे, एप्रन पुढे सरकवलं.

टोपीत सगळे केस गेले पाहिजेत असा नियम आहे. धाकटीची वेणी जाड, एक बट मानेवर सुटून राहिली. पुढच्या पोरी आत चालल्या होत्या, तिची घाई होत होती. मी म्हटलं थांब, आणि ती बट आत सारायला हात पुढे केला.

ती एकदम मागे सरली. "नको दादा. तू हात लावू नकोस. माझं मी करते."

मग तिलाच कसंतरी झालं असावं. माझ्या बाहीला धरून म्हणाली, "तू जा ना, तुला उशीर होतोय."

चारचौघात मोठ्या झालेल्या बहिणीच्या केसांना हात लावू नये, एवढं मला कळायला हवं होतं. लाजली बिचारी. तिने पिना तोंडात धरून बट नीट आत घातली, हातमोजे चढवले आणि गठ्ठ्यांच्या दारातून आत गेली. दार लागेपर्यंत मी तिथेच होतो. मग ड्रायरवर गेलो.